अपौरुषेय बातमी

'असे समजते' या दोन शब्दांनी संपणारे वाक्य मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. इतके, की त्यातील व्याकरणिक चमत्कृतीकडे त्याचे लक्षही जात नाही. 'समजणे' या क्रियापदाला समजून घेणारा लागतो. बोलीत आपण 'मला समजले', 'तिला समजले' असे म्हणतो. ही चतुर्थी गाळली की वाक्य अपुरे वाटते आणि समोरचा माणूस सहजच विचारतो, कोणाला समजले? वृत्तपत्राच्या पानावर मात्र हा प्रश्न उपस्थित होत नाही. मंत्रिमंडळात फेरबदल होणार असल्याचे समजते, अमुक नेते नाराज असल्याचे बोलले जाते, तमुक पक्षात अस्वस्थता असल्याचे मानले जाते. राजकीय वर्तुळात चर्चेला उधाण येते. या वर्तुळाचा मध्यबिंदू कोठे असतो हे भूमितीला ठाऊक नाही. कधी 'सूत्रे' बोलतात, आणि ती नेहमी बहुवचनातच बोलतात.

एम. ए.च्या वर्गात कथनमीमांसा शिकविताना प्रस्तुत लेखकाने एकदा विद्यार्थ्यांना कथेऐवजी त्या दिवशीच्या वृत्तपत्राचे पहिले पान दिले आणि प्रत्येक वाक्याचा निवेदक शोधावयास सांगितले. अपघात, पाऊस, बाजारभाव यांच्या बातम्यांत तो बहुधा सापडला: पोलीस ठाणे, वेधशाळा, बाजार समिती. राजकीय बातम्यांत तो सापडेना. एका विद्यार्थिनीने शेवटी विचारले, ''सर, मग हे बोलतंय कोण?'' कादंबरीच्या संदर्भात या प्रश्नाला आपल्याकडे तयार उत्तरे आहेत: सर्वसाक्षी निवेदक, अविश्वसनीय निवेदक, अध्याहृत लेखक. ती उत्तरे तेथे पुरेनात. याचे कारण ती अपुरी आहेत असे नसून, प्रश्न केवळ कथनमीमांसेचा उरला नव्हता, तो नीतीचाही झाला होता. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

साहित्यसमीक्षेने लेखकाच्या मृत्यूची घोषणा स्वीकारल्यास आता अर्धशतक लोटले आहे. रोलाँ बार्थ यांच्या १९६७ मधील निबंधाने संहितेचा अर्थ वाचकाच्या स्वाधीन केला, आणि कवितेच्या बाबतीत हा व्यवहार वाचकाच्या लाभाचाच ठरला. लेखक गेला तरी कविता उरते. तिच्याकडून आपल्याला जे हवे असते ते मिळविण्यासाठी त्याला साक्षीला बोलावण्याची आवश्यकता नसते. बातमीचे तसे नाही. अमुक मंत्र्याने तमुक जमीन लाटली हे विधान मी कवितेसारखे 'अनुभवत' नाही. मी त्यावर विसंबतो आणि पुढे मत देतो. वक्ता नाहीसा झाला तर वाचक मुक्त होत नाही, तो निराधार होतो. मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये लेखक या संस्थेचा इतिहास मांडताना जी बाजू पुढे आणली ती येथे अधिक उपयोगी आहे. संहितेबद्दल कोणाला तरी शिक्षा करता यावी, या गरजेतून तिला लेखक लाभला, असे त्यांच्या विवेचनाचे एक सूत्र आहे. लेखक म्हणजे प्रथमतः ज्याला पकडता येते तो. मराठी वृत्तपत्रसृष्टीचा इतिहास या सूत्राला फार जवळून भिडतो. त्याकडे वळण्यापूर्वी आपल्याच परंपरेतील एक जुना वाद आठवणे उपयुक्त ठरेल.

राजकारणाचे प्रत्यक्ष ज्ञान फारच थोड्यांना असते. वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये हीच गोष्ट आधुनिक लोकशाहीची मूळ अडचण म्हणून मांडली: नागरिक जगाला प्रतिसाद देत नाही, जगाच्या आपल्या मनातील चित्राला देतो. भारतीय ज्ञानमीमांसेच्या परिभाषेत सांगावयाचे तर राजकारणाविषयीचे आपले बहुतेक ज्ञान शब्दप्रमाणावर उभे आहे. हे प्रमाण कशामुळे प्रमाण ठरते, याविषयी नैयायिक आणि मीमांसक यांचा मतभेद प्रसिद्ध आहे. न्यायमतानुसार शब्दाचे प्रामाण्य वक्त्यावर अवलंबून असते. वक्ता आप्त हवा. म्हणजे त्याने विषय स्वतः नीट जाणलेला हवा आणि जाणले तसेच सांगण्याची त्याची इच्छा हवी. वात्स्यायनांनी हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू केले आहे, ही गोष्ट मला नेहमीच मोठी वाटत आली आहे: आप्तता कुळावर ठरत नाही. मीमांसकांची वाट उलटी आहे. दोष वक्त्यामुळे येतो. वेदाला वक्ताच नाही. म्हणून वेदात दोष संभवत नाही. अपौरुषेयत्व हीच तेथे निर्दोषत्वाची हमी. शिवाय ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक ज्ञान पुढे आले तरच ते अप्रमाण ठरते, असे ते मानतात.

माझे म्हणणे असे आहे की आधुनिक राजकीय बातमी वाचकाकडून नैयायिकाचा विश्वास घेते आणि त्याला मीमांसकाचे वाक्य देते. 'हे वृत्तपत्र जबाबदार माणसे चालवितात' या भरवशावर आपण अंक विकत घेतो. आतील वाक्य मात्र असे घडविलेले असते की ते कोणीच उच्चारलेले नाही, आणि ज्याचा वक्ताच नाही त्यावर पक्षपाताचा, लोभाचा, अज्ञानाचा आरोप ठेवावयाचा कोणावर? 'समजते' या क्रियापदातील रिकाम्या चतुर्थीत ही सगळी सोय सामावलेली आहे.

हे नेहमीच असे नव्हते. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे सुरू झाली आणि वर्ष भरते न भरते तोच दोन्ही पत्रे कोल्हापूर प्रकरणात सापडली. छत्रपती चौथे शिवाजी यांना वेड लागले आहे असे सरकारी बाजू सांगत होती. त्यांचा छळ होत आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असा संशय लोकांत होता. या संशयाला पुरावा म्हणून काही पत्रे पुढे आली, ती बर्वे यांचीच म्हणून सांगितली गेली, आणि त्यांच्या आधारे दोन्ही पत्रांनी दिवाणांवर हल्ला चढविला. अब्रुनुकसानीचा खटला उभा राहिला. पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली. तरीही आगरकर आणि टिळक या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. १८८२ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले, आणि त्याच नावाचे आगरकरांचे पुस्तक त्याच वर्षी आले.

हे प्रकरण आपल्याकडे सहसा त्यागाच्या गाथेतील पहिला अध्याय म्हणून सांगितले जाते. सुटून आलेल्या संपादकांचे स्वागत झाले आणि पत्रांची प्रतिष्ठा वाढली, हे खरेच आहे. पण जरा थांबून पाहिले तर यातील नैतिक गुंता विलक्षण आहे. बातमी खोट्या कागदांवर उभी होती. एका माणसावर त्या कागदांच्या आधारे विषप्रयोगासारख्या भयंकर कारस्थानाचा संशय जाहीरपणे घेतला गेला. बर्वे यांची बाजू आज कोणाला आठवत नाही. आठवणीत खलनायक म्हणून जे नाव राहिले, ते न्यायालयाने ज्याच्या बाजूने निकाल दिला त्याचे आहे. उलट, महाराजांच्या हालांविषयीची लोकांची भीती अगदीच निराधार होती असेही म्हणवत नाही. १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगर येथे, पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा संशय खरा आणि पुरावा खोटा, असा हा प्रसंग होता. लोकमताने संशय जपला आणि पुरावा विसरला. बातमी बाधित झाल्यावरही तिने घडविलेले चित्र बाधित होत नाही. मीमांसकांच्या हिशेबात न बसणारी ही गोष्ट आहे.

तरीही या प्रकरणात एक गोष्ट शाबूत होती. चूक कोणाची, हे प्रत्येकाला माहीत होते. ज्यांनी छापले त्यांनी नाव दिले, माफी मागितली आणि शिक्षा भोगली.

आणि येथे, विषयाला थोडे सोडून, एका योगायोगाकडे लक्ष वेधल्यावाचून राहवत नाही. तुरुंगातील त्या दिवसांत आगरकर शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'च्या भाषांतरात गुंतले होते. ते 'विकारविलसित' या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. आपण हे नाटक डळमळत्या इच्छाशक्तीचे म्हणून शिकवितो. पण बनावट पत्रांवर विसंबल्याबद्दल कोठडीत बसलेल्या संपादकाच्या हाती ते पाहिले की त्याचा दुसराच चेहरा दिसू लागतो. हे सारे नाटक शब्दप्रमाणाविषयी आहे. पित्याचे भूत एक 'बातमी' देते: राजाचा खून झाला, खुनी सिंहासनावर आहे. भूत आप्त आहे काय? ते पिशाच असून आपल्याला पापात लोटण्यासाठी आले नसेल कशावरून? हॅम्लेट ऐकीव वृत्तावर कृती करण्याचे नाकारतो आणि नाटकातील नाटक रचून ते पडताळून पाहतो. तोच हॅम्लेट पुढे बनावट राजपत्र लिहून दोघा जुन्या मित्रांना मृत्यूकडे धाडतो आणि त्याविषयी फारशी खंतही बाळगत नाही. आगरकरांच्या मनात त्या ओळी मराठीत उतरविताना काय आले असेल, हे सांगण्यास आपल्यापाशी साधन नाही. समीक्षकाने तेवढ्यावर थांबावे हे बरे.

वक्त्याचा प्रश्न न्यायालयात दुसऱ्या रूपाने आला तो १८९७ साली. 'केसरी'च्या १५ जूनच्या अंकात 'शिवाजीचे उद्गार' ही कविता 'भवानी तलवारीची निशाणी' या सहीने आली होती. २२ जूनच्या रात्री पुण्यात रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात ही कविताही पुराव्यात होती. साहित्याचा विद्यार्थी सांगेल की येथे बोलणारा शिवाजी आहे, सही तलवारीची आहे, कवी वेगळाच आहे आणि संपादक त्याहून वेगळा. ही आवरणे कवितेच्या आस्वादात अर्थपूर्ण असतात. न्यायालयाने ती एकामागून एक बाजूला सारली आणि शेवटी उरलेल्या माणसाला अठरा महिने सक्तमजुरी दिली. तो खटला अन्यायाचा होता. सरकारविषयी प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती, हा न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी लावलेला अर्थ पुढे कुप्रसिद्ध झाला. पण वासाहतिक सत्तेच्या दडपशाहीने एक गोष्ट नकळत पक्की करून ठेवली: छापील शब्दामागे कोणीतरी असते. फूको यांचे सूत्र याहून नेमके क्वचितच आढळेल. स्वातंत्र्यानंतर ती दडपशाही गेली हे इष्टच झाले. तिच्याबरोबर ती जाणीवही गेली काय, हा प्रश्न मात्र आपण विचारला नाही.

कायद्यात ती जाणीव अर्थातच उरली होती. १८६७ चा मुद्रणालये व पुस्तक नोंदणीचा कायदा दीडशे वर्षांहून अधिक काळ, २०२३ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेईपर्यंत, चालू होता. त्याने केलेली संपादकाची व्याख्या साहित्यमीमांसकाने अवश्य पाहावी. संपादक म्हणजे लिहिणारा नव्हे. प्रसिद्ध होणाऱ्या मजकुराच्या निवडीवर ज्याचे नियंत्रण असते तो. शेवटच्या पानाच्या तळाशी, भिंग लावून वाचावे अशा अक्षरांत, बातम्यांच्या निवडीस जबाबदार असणाऱ्या व्यक्तीचे नाव वर्षानुवर्षे येत राहिले ते यामुळेच. वृत्तपत्राचा 'कर्ता' हा निवडणारा आहे, ही कल्पना मला आजच्या बऱ्याच सिद्धान्तांपेक्षा प्रगल्भ वाटते. वाक्ये कोणाचीही असोत. कोणते वाक्य आले आणि कोणते आले नाही, याचा वक्ता तो आहे.

जे आले नाही त्याचे एक उदाहरण येथे पुरे होईल. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुढाकाराने 'मूकनायक' निघाले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, असे आंबेडकरांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. येथे कोणतेही वाक्य खोटे छापले गेले नाही, कारण वाक्यच छापले गेले नाही. तरीही त्या नकाराने वाचकाच्या मनातील राजकारणाचे चित्र घडविले: ज्या चित्रात अस्पृश्यांचे पत्र निघणे ही घटनाच नव्हती. मॅककोम्ब्ज आणि शॉ यांनी अमेरिकेतील चॅपल हिल येथे १९६८ च्या निवडणुकीत अनिश्चित मतदारांचा अभ्यास करून १९७२ मध्ये जे मांडले, त्याचा गाभा हाच आहे. वृत्तमाध्यमे मत देतात की नाही हे वादग्रस्त असेल, पण मत कशाविषयी द्यावयाचे ही यादी ती तयार करतात. यादीतून वगळलेल्याला हे कळावयास चॅपल हिलला जावे लागत नाही. 'मूकनायक' या नावातच निवेदकाचा सिद्धान्त आहे. मुका म्हणजे ज्याला वाणी नाही तो नव्हे. ज्याच्या वाणीला स्तंभ मिळत नाही तो मुका, आणि जो स्वतःचा स्तंभ उभारतो तो त्यांचा नायक.

१९२० मध्ये पैसे देऊनही जाहिरात मिळाली नाही. २००९ मध्ये पैसे देऊन बातमी मिळू लागली होती. या दोन वाक्यांमधील अंतर केवळ नीतिभ्रष्टतेचे म्हणून मोजले की काम सोपे होते, पण हाती काही लागत नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. त्यानंतर पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये लिहिलेल्या लेखांनी जे उघड केले, त्यातील समीक्षकाच्या दृष्टीने सर्वांत बोलका तपशील रकमांचा नाही. तत्कालीन मुख्यमंत्र्यांचा गौरव करणारा एकच मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखा आला होता, हा तो तपशील आहे. तो बातमी म्हणून आला होता, जाहिरात म्हणून नव्हे. संबंधितांनी पैसे दिल्याचा आरोप नाकारला. निवडणूक खर्चाच्या हिशेबाविषयी निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये दिलेला आदेशही पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. त्या विशिष्ट व्यक्तीविषयी निवाडा करणे हे या लेखाचे काम नाही. संहितेविषयी मात्र बोलता येते.

पाठचिकित्सेची सवय असलेल्याला दोन पोथ्यांत एकच पाठ आढळला की मूळ पोथीची कल्पना करावी लागते. येथेही स्पर्धक दैनिकांच्या पानांमागे एक मूळ पोथी होती आणि तिचा लेखक कोणत्याही दैनिकात नव्हता. समजा, त्या मजकुरातील प्रत्येक विधान खरे होते: नेता तरुण होता, कार्यक्षम होता, लोकप्रिय होता. तरीही वाचकाची फसवणूक झाली, कारण हे 'कोण म्हणतो' याविषयी तो फसविला गेला. नेत्याने स्वतःविषयी असे म्हटले असते तर वाचकाने ते योग्य त्या सवलतीने घेतले असते. जाहिरातीच्या चौकटीत आपण सारेच अतिशयोक्तीला मोकळीक देतो. तेच शब्द वार्ताहराच्या तोंडी घातले की त्यांचे प्रमाणमूल्य बदलते. न्यायाच्या भाषेत, वाक्य तेच, आप्त बनावट.

कोल्हापूर प्रकरणाशी हे पडताळून पाहावे. तेथे वक्ता खरा आणि मजकूर खोटा होता. येथे मजकूर, वादापुरता, खरा आणि वक्ता खोटा. कोणता अपराध मोठा? सहजबुद्धी पहिल्याकडे बोट दाखवील, कारण तेथे एका माणसाची अब्रू गेली. मीही ती हानी लहान मानत नाही. पण पहिल्या अपराधाला दुरुस्ती आहे: खोटा मजकूर खोडता येतो, आणि खोडण्यासाठी कोणाकडे जावयाचे हे ठाऊक असते. दुसऱ्यात खोडण्यासारखे वाक्यच नसते. माफी मागणारा नसतो, कारण बोलणारा नव्हता. बनावट पत्र हे निदान बर्वे यांच्या नावाने बनावट होते. विकलेली बातमी कोणाच्याच नावाने बनावट नसते, आणि म्हणूनच तिचा बनाव सिद्ध करणे इतके कठीण जाते. उत्तर प्रदेशातील एका आमदाराला निवडणूक आयोगाने अशा बातम्यांचा खर्च हिशेबात न दाखविल्यावरून ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरविले. तो देशातील असा पहिला निर्णय होता. कायद्याला तेथेही बातमीच्या खोटेपणावर बोट ठेवता आले नाही, हिशेबाच्या खोटेपणावर ठेवावे लागले.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. वाचक इतका भोळा नसतो. 'सगळेच विकले गेले आहे' हे तो चहाच्या टपरीवरही ऐकतो आणि त्याप्रमाणे वाचतो. मग फसवणूक कोणाची? या आक्षेपात वस्तुस्थिती आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. सरसकट संशय घेणारा वाचक अधिक चिकित्सक होत नाही. तालुक्याच्या गावी राहून, स्थानिक कारखानदाराचा रोष पत्करून जो बातमीदार पाणीवाटपाचा घोळ स्वतःच्या नावाने लिहितो, त्याची बातमीही तो याच संशयाने बाजूला ठेवतो. चिकित्सा म्हणजे हा वक्ता आणि तो वक्ता यांत भेद करणे. वक्तेच दिसत नाहीत तेथे भेद करावयाचा कशाच्या आधारे? आणि 'सगळेच विकले गेले आहे' हे वाक्य तरी कोण उच्चारतो? तेही समजतेच. श्रद्धेइतकाच अविश्वासही अपौरुषेय झालेला असतो, आणि सत्ताधाऱ्याला दोन्ही सारखेच सोयीचे असतात. किंबहुना दुसरा अधिक, कारण श्रद्धावान वाचक निदान फसवणूक उघड झाल्यावर संतापतो.

गोपनीय सूत्रांच्या बचावाचा मुद्दा मात्र वेगळा आहे आणि तो या विवेचनाने बाधित होत नाही. सूत्राचे नाव झाकणारा वार्ताहर स्वतःचे नाव पुढे करून म्हणतो, मी पाहिले आहे, मी पारखले आहे, चुकलो तर मला धरा. तेथे चतुर्थी रिकामी नसते.

२००९ नंतर भारतीय प्रेस परिषदेने या प्रकाराची चौकशी करण्यासाठी परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. त्यांनी एप्रिल २०१० मध्ये एकाहत्तर पानांचा अहवाल दिला. त्यात वृत्तपत्रांची नावे होती, आरोप होते आणि त्यांवरील संबंधितांची उत्तरेही होती. जुलैअखेर परिषदेने त्याऐवजी एक छोटा अहवाल स्वीकारून प्रसिद्ध केला. त्यात रोगाचे वर्णन होते, खेद होता, शिफारशी होत्या. वृत्तपत्रांची नावे नव्हती. मूळ अहवाल लोकांसमोर यावयास केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला आणि २०११ उजाडावे लागले. मधल्या काळात ज्याने तो छोटा अहवाल वाचला असेल, त्याला एवढेच कळले असणार की देशात अशा बातम्या छापल्या जात असल्याचे समजते.